माझ्या पोटातले चाळीस दिवस

मी एक जुना सर्व्हर आहे. आधीच सांगून ठेवतो मित्रांनो, तुमची दया मागायला मी तोंड उघडलेलं नाही. माझ्यावर आळ आला होता आणि तो साफ खोटा होता, एवढंच मला ठणकावून सांगायचं आहे.

कारखान्यात माझं पत्र्याचं अंग घडवलं, आत मेमरीच्या पट्ट्या आणि आठ डिस्क बसवल्या आणि एका कंपनीच्या थंडगार खोलीतल्या लोखंडी मांडणीत मला सरकवून दिलं. मी दिसतो एक, पण माझ्या पोटात तेरा संगणक नांदत होते. त्यांना हात लावता येत नाही, म्हणून लोक त्यांना आभासी संगणक म्हणतात. प्रत्येकाला वाटतं, सगळं घर आपलंच. एकाला मेमरी कमी पडली की दुसऱ्याची रिकामी पडलेली मी त्याला देतो, आणि भांडण होऊ देत नाही. सुरुवातीला पाहुणे आले की कंपनीचे साहेब कौतुकाने मला दाखवायचे. "हा पठ्ठ्या एकटा तेरा जणांचं काम ओढतो," म्हणायचे. पुढे शेजारी नवा चकचकीत सर्व्हर आला आणि लोक माझ्यावर रिकामी खोकी ठेवू लागले.

माझी देखभाल करायची ती इंजिनीअर ताई. सगळं ऑफिस तिला ताईच म्हणायचं, साहेबसुद्धा. कुठल्याही मोठ्या बदलाआधी स्नॅपशॉट घ्यायची तिची सवय होती. स्नॅपशॉट घेतला की जुनी वही बंद होते आणि पुढचं सगळं नव्या वहीत लिहिलं जातं. काही बिघडलं तर नवी फेकायची आणि जुनी उघडायची. सगळं नीट झालं तर मात्र नव्यातलं जुनीत उतरवायचं आणि नवी मिटवून टाकायची. तेरांपैकी एक संगणक रक्ततपासणीच्या एका प्रयोगशाळेचा होता. त्यावर ताईने नवा प्रोग्रॅम चढवला. काम फत्ते झालं, तेवढ्यात तिला फोन आला, आणि वही मिटवायची राहूनच गेली. चाळीस दिवस ती वही फुगत होती. मी पिवळा दिवा लावून बोंबलत होतो! पण जुनं यंत्र कुरकुरणारच, असं म्हणून कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग एके दिवशी सकाळी अकरा वाजता माझ्या डिस्क काठोकाठ भरल्या. लिहायला तसूभर जागा उरली नाही आणि प्रयोगशाळेचा संगणक जागच्या जागी थिजला. अर्ध्या तासात तिथल्या डॉक्टरीणबाई धापा टाकत आल्या.

"अहो, माणसं रिपोर्टसाठी खोळंबलीत! दोघांची तर आज ऑपरेशनं आहेत!"

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा थेरडा गेला कामातून. ताई, तो चाळीस दिवसांपूर्वीचा स्नॅपशॉट आहे ना? तिथे मागे जा, सगळं नव्या सर्व्हरवर हलव आणि याला भंगारात काढ."

"हो, तोच तर आमचा बॅकअप," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून तर वेगळा घेतला नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला! मागे गेलं असतं तर चाळीस दिवसांचे सगळे रिपोर्ट कायमचे पुसले गेले असते, आणि वर खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं.

ताई गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण ती म्हणाली, "थांबा. सर्व्हर धडधाकट आहे. स्नॅपशॉट मी घेतला आणि मिटवायला मीच विसरले. आणि मॅडम, स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही जातो. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, तेही माझ्याकडून राहिलं."

साहेबांनी तिला बाजूला घेतलं. "अगं, कशाला ओढवून घेतेस? यंत्र जुनं होतं म्हणू, विषय संपला."

"नाही साहेब. त्याला बोलता येत नाही म्हणून काय वाट्टेल ते त्याच्या माथी मारायचं?"

तेरांपैकी दोन संगणक नुसते सरावापुरते होते. कुणी त्यांना वापरत नव्हतं. ताईने ते पुसून जागा केली आणि दोन्ही वह्या एक करायला घेतल्या.

"झेपेल का याला?" साहेबांनी विचारलं.

झेपेल का म्हणे! माझे पंखे घोंघावत होते, अंग तापलं होतं, पण दोन तासांत मी एक ओळ इकडची तिकडे होऊ दिली नाही. दुपारी ताईसमोरच्या पडद्यावर प्रयोगशाळेचा संगणक उजळला. त्या सकाळचा शेवटचा रिपोर्टसुद्धा जागेवर होता. डॉक्टरीणबाईंनी आधी त्या दोघांचे रिपोर्ट पाठवले आणि मग बाकीच्यांचे.

घडल्या प्रकाराचा अहवाल साहेबांनी लिहिला. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'सर्व्हर जुना' असं लिहून टाकलं होतं. ताईने ते सरळ खोडलं, 'स्नॅपशॉट मिटवायचा राहिला, चूक माझी' असं लिहिलं आणि खाली सही केली. मग साहेबांनीही तिच्या सहीखाली सही केली.

मित्रांनो, बॅकअप वेगळ्या जागी ठेवा आणि तो उघडतो की नाही हे अधूनमधून उघडून पाहा. यंत्र कुरकुरलं तर त्याला नावं ठेवण्याआधी त्याचा दिवा पाहा. माझे दिवस भरत आलेत, हे मला ठाऊक आहे. मला मोडीत काढायचं तर खुशाल काढा. कारण मात्र खरं लिहा.