बाजूचा माणूस

मिठागराच्या संपाला पन्नास वर्षं झाली. दरवर्षीप्रमाणे वडखळजवळच्या शाळेने म्हाताऱ्या जगनला बोलावलं. संपातल्या लाठीमाराची गोष्ट तो दरवर्षी रंगवून सांगायचा आणि पोरं टाळ्या वाजवायची. यंदा सातवीतल्या मनस्वीने विचारलं, "आजोबा, तुमच्या बाजूला जो माणूस मेला, त्याचं नाव काय?"

जगनला नाव काही आठवेना.

घरी जाताना खाडीच्या बांधावर कुणीतरी मागून चालतंय, असं त्याला वाटत राहिलं. दोनदा वळून पाहिलं, कुणी नव्हतं. तो तसाच बायजाबाईकडे गेला. संपात तीही होती.

"बायजा, संपात तो मेला, त्याचं नाव काय गो?"

"कोनाला ठाव? रोह्यावरशी कामाला आला होता. आपुन सगली त्याला रोहेकरच म्हनायचो."

"आनि त्याच्या घरी कोनी कलवलं?"

"कोनीच नाय," बायजाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जगन पुन्हा शाळेत गेला. "पोरी, माझ्यावरची लाठी त्याने डोक्यावर घेतली," तो म्हणाला, "पन मी त्याला नाव कधी इचारलंच नाय."

मनस्वीने ते वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. जगन तिथून उठला तो थेट रोह्याची एसटी पकडायला गेला.