गाडी सरळ धरा

रविवारी दुपारी टेम्पो येणार होता आणि वहिनीची मोटरसायकल गॅरेजात जाणार होती. दिराने निकालच देऊन टाकला होता. गाडी निळा धूर सोडते, आठवड्याला ऑइल पिते, म्हणजे इंजिन आतून गेलं. खोलावं लागेल आणि आठ दिवस तरी लागतील.

आठ दिवस वहिनीने आणायचे कुठून? टेकडीपलीकडच्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि दुपारच्या आत मोठ्या प्रयोगशाळेत पोचवायचे, हे तिचं काम. सगळे दवाखाने तिला वहिनी म्हणूनच ओळखत. प्रयोगशाळेच्या साहेबांनी परवाच सुनावलं होतं, की यापुढे एक जरी खाडा झाला तर हा रस्ता व्हॅनवाल्याकडे जाईल. व्हॅनवाला तर टपूनच बसला होता. या कामासाठी ती घरात कोणाकोणाशी भांडली होती, ते आठवलं तरी तिला दम लागायचा.

दीर माणूस सोन्यासारखा. नवरा परमुलखात नोकरीला निघाला, तेव्हा धाकट्या भावाला म्हणाला होता, "हिची गाडी रस्त्यात बंद पडू देऊ नकोस." त्याने ते फारच मनावर घेतलं. पहिल्याच आठवड्यात, वहिनीला जड गाडी मेन स्टँडवर ओढताना पाहून त्याचा जीव कळवळला आणि त्याने तो स्टँडच काढून टाकला. तेव्हापासून गाडी साइड स्टँडवर, डावीकडे कललेली. दर रविवारी दीर यायचा, ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढायचा, ती जवळजवळ कोरडी बघून च् च् करायचा आणि डब्यातलं ऑइल ओतायचा. एवढ्या मायेने कोणी लेकराला दूध पाजत नाही.

शनिवारी प्रयोगशाळेत नमुने देताना तिथल्या तंत्रज्ञ बाई एका नवीन मुलीवर खेकसत होत्या, "अगं, नळी तिरकी धरून माप वाचतेस? त्यात तुला काय कपाळ दिसणार?" वहिनी पावतीची वाट बघत उभी होती. पावती हातात आली तरी ती हललीच नाही. तिला आपली डावीकडे कललेली गाडी दिसायला लागली. ऑइलचं भोक आहे उजव्या अंगाला. गाडी डावीकडे झुकली की ऑइल तिकडे पळणार आणि इकडे पट्टी कोरडी दिसणार, मग इंजिन ऑइलने भरलेलं का असेना!

घरी येऊन तिने एअर फिल्टरचं झाकण उघडलं. आतला फिल्टर ऑइलने चिंब होता. ज्या इंजिनात ऑइल टिकत नाही म्हणून घरभर बोंब होती, ते जास्तीचं ऑइल वर ओकत होतं आणि तेच जळून निळा धूर निघत होता. वहिनीला राग आला, हसू आलं, आणि मग ती हट्टालाच पेटली. पण नुसत्या अंदाजावर दीर टेम्पो परत पाठवणार नव्हता. त्याला माप दाखवायला हवं होतं आणि ते बिनचूक हवं होतं.

रविवारी सकाळी तिने गाडी कोपऱ्यापर्यंत फिरवून गरम केली आणि थेट पुढच्या खोलीत घातली. अंगण उताराचं, रस्ता खड्ड्यांचा. सपाट म्हणावी अशी एवढीच फरशी. त्याचीही तिने आधी खात्री केली होती. पसरट थाळीत पाणी घेऊन ती फरशीवर ठेवली, तेव्हा पाणी चारी कडांना सारखं लागलं होतं.

"अगं बाई, आता हिला बैठकीत बसवणार का?" सासूबाई आतून आल्या. "पाहुण्यांना काय पायरीवर बसवू?"

"आई, जरा इकडे या. हँडल दोन्ही हातांनी धरा."

"मी?"

"तुम्हीच. दुसरं आहे कोण?"

सासूबाईंनी जन्मात त्या गाडीला बोट लावलं नव्हतं. त्यांच्या मते सगळ्या भांडणांचं मूळ तीच होती. पण सुनेच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी पदर खोचला आणि हँडल धरलं. वहिनी समोर जाऊन एक डोळा मिटून बघायला लागली.

"डावीकडे कललीय. थोडी इकडे. आता हलू नका."

"मग बघ ना लवकर!"

"आत्ता नाही. गरम ऑइल वर चढलेलं असतं, ते खाली उतरू दे. पाच-सात मिनिटं."

"पाच-सात मिनिटं!" सासूबाई करवादल्या. मग म्हणाल्या, "जाऊ दे की ते काम त्या व्हॅनवाल्याला. एवढा जीव कशाला काढतेस?"

"नाही जाऊ देणार." वहिनी घड्याळावरची नजर न काढता बोलली. "ते काम माझं आहे, आई. मी ते चांगलं करते."

 सासूबाईंनी हँडल अजून घट्ट धरलं.

वेळ झाल्यावर वहिनीने पट्टी काढली, स्वच्छ फडक्याने पुसली, पुन्हा भोकात सोडली. या गाडीला पट्टी आटे फिरवून बसवायची नाही, नुसती टेकवायची, एवढं तिला ठाऊक होतं. बाहेर काढली तेव्हा पट्टी वरच्या खुणेच्याही कितीतरी वर माखलेली होती. तिने ती पुन्हा पुसली, पुन्हा टेकवली. तेच. मग दवाखान्यातून आणलेली कोरी मोठी सिरिंज आणि लांब नळी घेऊन ती थोडं थोडं ऑइल उपसत राहिली, दर वेळी थांबून मोजत राहिली. अखेर ऑइल दोन खुणांच्या मधोमध आलं. सासूबाईंचे हात भरून आले होते, पण त्यांनी गाडी कलू दिली नाही. शेवटी वहिनीने फिल्टर बदलला, गाडी अंगणात साइड स्टँडवर लावली आणि वाट बघत बसली.

दीर आला तो टेम्पोवाल्याला घेऊनच. सवयीने आधी खाली वाकला, पट्टी काढली आणि ओरडला, "वहिनी, अहो, थेंब नाही हिच्यात! अशी चालवलीत तर इंजिन जागेवर जाम होईल." त्याने डब्याचं झाकण उघडलंसुद्धा.

वहिनीने ऑइलच्या भोकावर तळहात ठेवला.

"हात काढा, वहिनी."

"नाही काढणार. भावजी, आधी गाडी आत घ्या. सरळ धरा आणि मग बघा."

"सरळ काय नि तिरकं काय! मी काय आज गाड्या बघतोय?"

"अरे, ती म्हणते तसं कर," सासूबाई दारातून कडाडल्या. "मी तासभर धरून उभी होते, तुझे हात काय लोण्याचे आहेत?"

टेम्पोवाला फिदीफिदी हसला. दिराने निमूटपणे गाडी आत घेतली, सरळ धरली. वहिनीने त्यालाही थांबायला लावलं. मग तिने पट्टी काढून, पुसून, टेकवून त्याच्या डोळ्यांसमोर धरली. ऑइल दोन खुणांच्या मधोमध होतं. उपसलेल्या ऑइलची बरणीही तिने पुढे केली. दीर एकदा बरणीकडे, एकदा पट्टीकडे बघत राहिला.

मग त्याने स्वतःच गाडी बाहेर नेऊन चालू केली. सायलेन्सरमधून भसकन निळा धूर आला. वहिनी जागची हलली नाही. "सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑइल जळतंय," दीर पुटपुटला. चौघेही त्या सायलेन्सरकडे टक लावून उभे राहिले. धूर विरळ झाला, मग नुसता फिकट राहिला, मग दिसेनासा झाला. दिराने इंजिनाला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि टेम्पोवाल्याला हाताने जा म्हणून खुणावलं.

"उद्या जा कामावर," तो म्हणाला. "काही झालेलं नाही हिला. मीच मारत होतो."

 वहिनीचे डोळे भरून आले, ते तिने लपवले नाहीत.

दीर डब्याचं झाकण लावत पायरीवर बसला. त्याला मान वर करवेना.

"मग आता दर रविवारी मी येऊन करू काय?" त्याने विचारलं.

"जेवायला या," वहिनी म्हणाली.