प्रश्न कोणत्या भाषेत

तीन चाळी, एकशे सव्वीस खोल्या. एकतीस खोल्यांना कुलूप. उरलेल्या पंच्याण्णवपैकी अठ्ठावन्न दारांवर मराठी आडनावं. मी पंच्याण्णव दारी एकच प्रश्न विचारला आणि उत्तर वहीत लिहिलं. मातृभाषा मराठी सांगणारी घरं: नऊ.

"नऊ?" अंबिकाताई म्हणाल्या. "अगं, नऊ घरं तर नळावर रोज मराठीत भांडतात."

अंबिकाताई या चाळींमधल्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवायच्या आणि इंदूरच्या स्नेहलतागंजमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या चिटणीस होत्या. शेजारची मिल बंद होऊन चौदा वर्षं झाली होती. शाळा अजून चालू होती. पण शिक्षण कार्यालयाने कळवलं होतं की पहिलीच्या प्रवेशात मातृभाषा मराठी असलेली पंधरा मुलं नसतील, तर जुलैपासून माध्यम हिंदी होईल. मागच्या वर्षी कागदावर सहा होती.

२००५चा मे महिना होता. त्याच महिन्यात दिल्लीच्या एका संस्थेचं पत्र मंडळाला आलं. अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचा एक तज्ज्ञ नेमायचा होता. नेमणूक सरकारांच्या हातात, पण तीन उमेदवारांना देशोदेशीच्या संस्थांनी प्रश्न विचारावेत आणि मग कुणाला पाठिंबा ते कळवावं, असं ठरलं होतं. प्रत्येक संस्थेला एक प्रश्न. सोबत, तुम्ही किती लोकांच्या वतीने बोलता आणि ते कसे मोजले, हेही लिहायचं होतं. मी नुकतीच भौतिकशास्त्रात एमएससी झाले होते, म्हणून मोजणी माझ्याकडे आली.

मंडळाच्या सभेत अध्यक्ष कृष्णरावांनी पत्र चष्म्यापासून लांब धरून वाचलं.

"अल्पसंख्यक? आम्ही? माझे आजोबा होळकरांच्या दफ्तरात होते."

"होते, कृष्णरावजी," ताई म्हणाल्या. "आता दफ्तर हिंदीत आहे."

"आणि हे जिनिव्हावाले येऊन तुमच्या पोरांना बाराखडी शिकवणार?"

"शिकवीन मीच. पण उद्या सरकारांना जाब विचारणारा माणूस तिथे बसणार आहे. तो बसण्याआधी आपण त्याला विचारू."

"हां, और वो जवाब देगा. नऊ घरांसाठी."

सगळे हसले. मीही थोडी हसले, कारण आकडा माझाच होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लक्ष्मण घाडग्यांकडे गेले. ते मिलमध्ये बुनाई, म्हणजे विणकाम खात्यात होते. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे 'हिंदी' होतं. मी दारात पोचले तेव्हा ते आत बायकोला म्हणत होते, "अगं, किल्ली कुठे ठेवलीस, की तीपण मिलवाल्यांनी नेली?"

"काका," मी विचारलं, "तुम्ही मला हिंदी का सांगितलंत?"

"तू हिंदीत विचारलंस ना बेटा. 'आपकी मातृभाषा क्या है?' मला वाटलं, मॅडमला मराठी येत नसणार. समोरच्याची पंचाईत कशाला करा?"

"आणि सरकारी माणूस येतो तेव्हा?"

"तोही हिंदीतच विचारतो. त्यालाही हिंदीच सांगतो. शाळेतला बाबूसुद्धा फॉर्म भरताना हिंदीतच विचारतो की."

इंदूरमध्ये अनोळखी दारावर थाप मारली की तोंडातून हिंदीच निघते. मीही इथल्याच राजेंद्र नगरात वाढलेली, मला ते जाणवलंच नव्हतं. ज्या साधनाने मोजत होते, त्याचाच दोष आकड्यात उतरला होता.

मी मोजणी पुन्हा केली. तीच पंच्याण्णव दारं, तीच संध्याकाळची वेळ, पण प्रश्न आता मराठीत. ज्यांना प्रश्न कळला नाही, त्यांना पुन्हा हिंदीत विचारलं. कुणी केवळ मला बरं वाटावं म्हणून मराठी सांगू नये, यासाठी एक प्रश्न वाढवला: मुलांवर ओरडता कोणत्या भाषेत? दोन्ही उत्तरं जुळली तरच मराठी धरायचं. चार मराठी आडनावांच्या घरांनी तरीही हिंदी सांगितलं. एक बाई म्हणाल्या, "आमच्या बंटीला नोकरी पाहिजे, मराठी घेऊन काय करू?" मी हिंदी लिहिलं. एकूण मराठी: चोपन्न.

पुढच्या सभेत कृष्णराव खूश झाले. "बढिया. आता तो नऊवाला कागद फाडून टाक. मंडळाची शोभा कशाला करायची?"

"दोन्ही आकडे जातील, काका," मी म्हणाले.

"का?"

"एकट्या चोपन्नावरून काहीच कळत नाही. दोघांमधला फरक हाच आपला मुद्दा आहे."

"मग माझी सही नाही. आधी अल्पसंख्यक व्हायचं आणि वर चूकही कबूल करायची."

"नका करू," ताई म्हणाल्या. "चिटणीसाची सही चालते. नियम तुम्हीच लिहिलेत, तुमचं अक्षर छान आहे."

अकरा सभासदांपैकी सात हात वर झाले. पत्रात दोन्ही आकडे गेले, आणि खाली आमचा प्रश्न: 'एखाद्या घराला त्याची भाषा विचारायची असेल, तर ती तुम्ही कोणत्या भाषेत विचाराल?'

जूनच्या शेवटी उत्तरं आली. पहिल्या उमेदवाराने लिहिलं की त्या त्या देशाचे अधिकृत आकडे ग्राह्य धरले जातील. तिसऱ्याने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या उमेदवार बाई होत्या. त्यांनी लिहिलं, 'त्या घराच्या भाषेत. ती आधी ठाऊक नसेल, तर एकाहून अधिक भाषांत. तुमची मोजणीची पद्धत मला सविस्तर पाठवा.' आम्ही पद्धत पाठवली आणि पाठिंबाही.

त्या उत्तराची झेरॉक्स आणि माझे दोन्ही तक्ते घेऊन ताई प्रवेशाच्या पहिल्या दिवशी शाळेतल्या बाबूच्या टेबलाशी जाऊन बसल्या.

"मॅडमजी, फॉर्म भरना मेरा काम है," बाबू म्हणाला.

"भरा की. विचारणार मी."

"ऊपर से पूछेंगे तो?"

"तर हे दाखवा. आणि सांगा, अंबिका मॅडम उठत नव्हत्या."

त्या पाच दिवस उठल्या नाहीत. तक्रार वर गेली. कार्यालयातून आलेल्या साहेबांनी तक्ते वाचले, तीन आयांना स्वतः मोडक्यातोडक्या मराठीत विचारून पाहिलं आणि फॉर्मवर शिक्के मारले.

जिनिव्हाच्या पदासाठी एकशे अठरा संस्थांनी मत कळवलं. दुसऱ्या उमेदवाराला एकोणऐंशी. पहिलीच्या प्रवेशात मातृभाषा मराठी: सतरा.