भिंतीवरची कबरी

आमच्या परसातल्या भिंतीवर जी आयव्हीची वेल होती, तिला घरात सगळे कबरी म्हणायचे. पानं मधे हिरवी आणि कडेनं दुधासारखी पांढरी, कबऱ्या मांजरीच्या अंगासारखी. बाकीची झाडं थंडीत बोडकी व्हायची, पण ही बाई बारा महिने नटलेली. येणारेजाणारे थांबून आईला विचारायचे, काय घालता हिला? आई म्हणायची, काही नाही, नुसतं लक्ष घालते. लक्ष आई घालायची, कात्री मी चालवायची.

कारण कबरीला एक खोड होती. मधूनच तिला साधी हिरवी फांदी फुटायची, पांढऱ्याचा ठिपकासुद्धा नसलेली. ही हिरवी भारी दणकट. पानातला हिरवा भाग तेवढा वेलीचं पोट भरतो, पांढरा नुसता मिरवायला. त्यामुळे हिरवी हातभर वाढेपर्यंत पांढऱ्या काठाची बोटभर सरकायची, आणि हिरवीला मोकळं सोडलं तर ती सगळी भिंत गिळून बसणार. म्हणून हिरवी दिसली की कापायची. शेंडा छाटून भागत नाही, एकीच्या चार होतात. ती जिथून फुटली तिथपर्यंत मागे जायचं आणि तिथून उडवायची. चिकानं हाताला पुरळ उठायचं. मी दाखवलं की आई म्हणायची, "तुझी कातडी जाड आहे, तुला काही होत नाही."

धाकट्याची कातडी पातळ. माझा भाऊ जन्मला तोच छातीत घरघर घेऊन, आणि आईनं त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. खिडकी उघडी राहिली तर बोलणी मी खायची. त्याला शिंक आली तरी मीच. त्याच्याजवळ घरी कुणीतरी हवं म्हणून माझी शाळा सुटली. पुढे एक स्थळ अगदी जुळत आलं होतं, पण मुलगा लांबच्या गावाचा, तेव्हा तेही राहिलं. कुणी म्हणेल, ही बाई त्या हिरव्या फांदीत स्वतःला बघत असणार. बघतच होते. त्याला फार अक्कल लागत नाही. पण सांगणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

वडील गेल्यावर मी एका लाँड्रीत इस्त्रीला लागले आणि तिथेच केस पांढरे केले. धाकटा घरी बसून घड्याळं दुरुस्त करायचा. मग एक दिवस आई परसात पडली. कंबरेचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. तिची खाट आम्ही मागच्या खोलीत खिडकीला लागून टाकली. तिथून तिचं सगळ्या भिंतीवर राज्य. मी कामावरून आले, अजून चप्पलही काढली नाही, तोच आतून आवाज यायचा, "ती बघ, वर पन्हळीजवळ एक हिरवी डोकावतेय."

त्याच सुमारास लाँड्रीच्या मालकांनी दुसऱ्या गावात दुकान काढायचं ठरवलं. मला बोलावून म्हणाले, "तुमच्याइतकं काम कुणालाच कळत नाही. तिथलं सगळं तुम्हीच बघा. वर राहायला खोली आहे, खिडक्या मोठ्या आहेत." खिडक्यांचं त्यांनी का सांगितलं कोण जाणे, पण मला रात्रंदिवस त्या खिडक्याच दिसायला लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी इतकं हवं होतं की घास उतरेना.

आईला सांगितलं. ती भिंतीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आणि कबरीचं कोण बघणार?"

धाकट्याचं कोण बघणार, असं ती म्हणाली नाही. माझं कोण बघणार, असंही नाही. आमच्या घरात सगळं कबरीच्या नावानं बोलायची पद्धत होती. कबरीला जपायला हवं म्हणजे धाकट्याला बरं नाही. कबरीला सोडून जाता येत नाही म्हणजे स्थळ नको.

"नाकापेक्षा मोती जड झालाय," मी म्हटलं. ती हसली नाही.

माझ्या नाकावर राग असतोच, त्या दिवशी तो डोक्यात गेला. ठीक आहे, कबरीचंच कारण ना? मग कबरी धाकट्याला शिकवते. त्याला परसात नेलं, हातात मोजे चढवले आणि कात्री दिली. चाळिशीला आलेला माणूस, पण कात्री अशी धरली की जणू चावेल.

"हिरवी दिसली की तिला धर," मी सांगितलं. "मग मागे मागे जा. जिथून निघाली, तिथे काप."

"जिथून निघाली तिथे," तो म्हणाला. घड्याळवाला माणूस, ऐकलेलं पक्कं करून घ्यायची सवय.

थोड्या दिवसांनी मी कामावरून आले तर आई उशीला टेकून बसली होती. चेहरा निवांत. "बघ जाऊन," ती म्हणाली. "जमलं त्याला."

परसात गेले. भिंत खरंच सुरेख दिसत होती. एक हिरवी नाही. मग नजर खाली गेली. जमिनीलगत मनगटाएवढं जाड खोड होतं, ते आरपार कापलेलं होतं. मधल्या फटीत बोट जाईल इतकं. मातीवर ताजा भुसा पडला होता आणि बाजूला करवत.

धाकटा मागे उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक हिरवी खाली खाली जात होती, ताई. पार खोडापर्यंत गेली. तूच म्हणालीस, जिथून निघाली तिथे."

मी तोंड उघडलं. आणि खिडकीतून आईचा आवाज आला, "अगं, आता तू जा. मालकांना हो म्हणून सांग. धाकटा बघेल इथलं."

हे वाक्य ऐकायला मी अर्धं आयुष्य काढलं होतं. आयव्हीचं पान जाड. मुळापासून तोडली तरी ती बरेच दिवस भिंतीला धरून टवटवीत दिसते. हे घरात फक्त मला आणि आईला माहीत, आणि आई खाटेवर. तिथून तिला बुंधा दिसत नाही, असं मी धरून चालले. सांगावं तर तिचं 'जा' तिथेच विरणार आणि धाकटा कायमचा खचणार. न सांगावं तर तिच्या डोळ्यांसमोर भिंत वाळणार, तेव्हा मी इथे नसणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी पायानं त्या फटीवर माती ओढली आणि हात धुवायला गेले.

त्याच आठवड्यात मी गेले. दुकान चांगलं चाललं. खिडक्या खरंच मोठ्या होत्या.

दर रविवारी फोन करायची. "कबरी कशी आहे?"

"छान आहे," आई म्हणायची. "धाकटा बघतो ना."

पहिल्यांदा धस्स व्हायचं. पुढे मनाशी हिशेब केला की आता पानं मुडपली असतील, आता तपकिरी झाली असतील. तरी तिचं आपलं 'छान आहे'. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, असं मला वाटलं. तिला सगळं दिसतंय, आणि तरी ती त्याला पाठीशी घालतेय. त्यानं कबरी मारली तरी त्याला शब्द लागू द्यायचा नाही. मी एक डाग ठेवला असता कपड्यावर तर आठ दिवस ऐकवलं असतं. ती तिडीक डोक्यातून जाईना. मग मी काही रविवारी फोन केलाच नाही.

पुढचा फोन धाकट्याचा आला. आई झोपेतच गेली होती.

सगळं उरकलं, माणसं पांगली. मी परसात आले. भिंतभर वाळलेली पानं, कागदासारखी. वारा आला की नुसती खडखड. धाकटा दोन कप चहा घेऊन आला आणि एक माझ्या हातात दिला.

"शेवटपर्यंत मला छान आहे म्हणत राहिली," मी म्हटलं. "तुला वाचवायला."

"मला?" तो म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं. "मी करवत आणली तेव्हा ती खिडकीशी बसली होती, ताई. तिनंच आणायला सांगितली. मी म्हटलं, आई, अगं हेच तर खोड आहे, सगळं मरेल. ती म्हणाली, काप. ही आहे तोवर तुझी ताई इथून हलायची नाही. तुला काय सांगायचं, तेही तिनंच पढवलं."

मी बुंध्याकडे बघितलं.

"खालून परत फूट आली होती. तीपण मला खुडायला लावली. म्हणाली, नाहीतर परत कुणाच्या तरी गळ्यात पडेल." तो थोडं खोकला, थांबला. "वाळायला लागली तेव्हा मी पडदा लावतो म्हटलं. नको म्हणाली. बसून बघायची."

"रोज?"

"रोज."

इतकी वर्षं जपलेला राग होता माझ्याकडे, घट्ट घडी घालून ठेवलेला. आता तो कुणावर काढायचा, ते मला कळेना. आईवर काढावा तर ती नव्हती, आणि असती तरी आता काढता आला नसता. चहा निवला.

"आणि मी फोन करायचे नाही तेव्हा?" मी विचारलं.

"तेव्हा तर खूश असायची," धाकटा म्हणाला. "म्हणायची, कामात असेल. बरं झालं, रमली तिकडे."

त्या रविवारी मला काहीही काम नसायचं.