अर्जित रजा, दहा दिवस

शैलजा पाटणेने रजेचा अर्ज दिला तेव्हा तिची मुलगी केतकी सात वर्षांची होती. आठ दिवसांनी अर्ज त्रुटी लागून परत आला, त्या संध्याकाळी केतकी अकरा वर्षांची झाली होती.

शैलजा घरी आली तर केतकी ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती. सकाळी तिला शेगडीपर्यंत पोचायला पाटावर उभं राहावं लागलं होतं.

"तुलाही टाकू का, आई?" तिने विचारलं.

शैलजा हो म्हणाली. चहा चांगला झाला होता.

घरात त्या दोघीच होत्या. केतकी दोन वर्षांची असताना तिचे वडील वारले, आणि त्यानंतर शैलजाने सलग चार दिवसांची रजासुद्धा कधी घेतली नव्हती. रजा हवी होती ती आसामच्या सहलीसाठी, गेंडे बघायला, फेब्रुवारीत. केतकीने पुस्तकात गेंड्याचं चित्र पाहिलं होतं आणि याच्या पाठीवर हात ठेवून बघायचा असं ठरवून टाकलं होतं. जागा लवकर भरतात म्हणून शैलजाने एप्रिलमध्येच दोन जागा धरल्या आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात अर्ज दिला. तिथे ती जुन्या नकाशांच्या नकला काढत असे. काचेखाली दिवा, काचेवर नकाशा, नकाशावर कोरा कागद, आणि रेघेवरून रेघ. दहा महिने आधी मागितलेली रजा कोण कशाला अडवील, असं तिला वाटलं होतं.

"तुमच्या जागी कोण बसणार त्याची सही नाही," बुरुंगले साहेब म्हणाले होते. ते तिचे वरिष्ठ. आवाज न चढवता बोलणारे, सौम्य गृहस्थ.

तिने सही आणली. अर्ज पुन्हा पहिल्या टेबलावरून निघाला आणि जूनमध्ये परत आला. या वेळी कुटुंबीयांच्या रकान्यावर लाल खूण होती.

"मुलीचं वय सात लिहिलंय तुम्ही. ती तर सोळा वर्षांची आहे."

"अर्ज दिला तेव्हा सात होतं, साहेब."

"बरोबर आहे. पण आता सोळा आहे. दुरुस्त करा आणि खाली सही करा."

घरी केतकी पलंगावर पाय पसरून अभ्यास करत होती. तिचे पाय पलंगाच्या कडेपर्यंत पोचत होते. शैलजा शेजारी बसली.

"माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, ते तुला माहीतच नसेल ना?" केतकीने सदरा थोडा वर करून दाखवलं. बोटभर लांबीचा व्रण होता, जुना, पांढरा पडलेला.

"मी कुठे होते?"

"ऑफिसात. शेजारच्या कुलकर्णी मावशी आल्या होत्या सोबत. दुखलं नाही फार." ती पुन्हा पुस्तकात बघू लागली. "रजेचं झालं का?"

शैलजाने व्रणावरून बोट फिरवलं. रेघेवरून बोट फिरवायची तिच्या हाताला सवय होती, पण ही रेघ तिने कधीच पाहिलेली नव्हती.

त्या दिवसापासून ती फाइलवर लक्ष ठेवू लागली. मंजुरीपर्यंत नऊ टेबलं होती. फाइल एका टेबलावरून उचलली जाऊन दुसऱ्यावर पडली की घरी केतकीची काही वर्षं निघून जात. फाइल पडून राहिली की केतकीही होती तेवढीच राही. ऑगस्टमध्ये फाइल तिसऱ्या टेबलावर गेली आणि केतकी चोवीस वर्षांची झाली. शैलजा स्वतः चौतीस वर्षांची होती ती चौतीसचीच राहिली.

ती बुरुंगले साहेबांकडे गेली.

"मला रजा नको. अर्ज मागे घेते."

"घ्या ना. तसा अर्ज द्या."

"तो कुठून जाईल?"

"याच टेबलांवरून. दोन्ही फाइली बरोबरच फिरतील."

त्या दुपारी सगळे जेवायला उठले तेव्हा शैलजाने तिसऱ्या टेबलावरची फाइल उचलली, पदराखाली धरली आणि स्वतःच्या खणात ठेवून कुलूप लावलं. किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

पुढचे सहा महिने केतकी चोवीस वर्षांचीच राहिली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. संध्याकाळी शैलजाला घ्यायला कार्यालयाच्या फाटकाशी यायची. दोघी बाजारातून चालत घरी जायच्या, वाटेत गरम भजी घ्यायच्या आणि कागद तेलकट व्हायच्या आत संपवायच्या. भाजीवालीने एकदा विचारलं, बहिणी का? केतकी हसत सुटली. शैलजाही हसली, आणि घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. मुलीचं सगळं लहानपण तिच्या हातून गेलं होतं, पण ही चोवीस वर्षांची केतकी तिला आवडू लागली होती. हिच्याबरोबर राहता येईल, असं तिला वाटू लागलं होतं.

"गेंडे बघायला जायचं होतं ना आपल्याला?" केतकीने एका रविवारी विचारलं.

"नको जायला."

"का गं?"

"इथेच बरं आहे."

फेब्रुवारीच्या चौदा तारखेला सकाळी शैलजा कामावर पोचली तर तिचा खण उघडा होता. बुरुंगले साहेब शेजारी उभे होते. त्यांच्या हातात दुसरी किल्ली होती.

"अहो, आजची तुमची गाडी," ते म्हणाले. "आणि फाइल इथेच पडलेली! माझं लक्ष गेलं म्हणून बरं. आजच्या आज करून देतो."

"साहेब, नका."

"दहा महिने आधी अर्ज दिलाय तुम्ही. एवढं तर आम्ही करायलाच हवं."

ते स्वतः फाइल घेऊन निघाले. शैलजाने त्यांची बाही धरली. त्यांनी ती हळूच सोडवली, जशी काट्यात अडकलेली सोडवतात तशी. ते चौथ्या टेबलाशी थांबले, सही घेतली. पाचव्याशी थांबले. सगळे कर्मचारी उभे राहून आपापली पेनं उघडी धरून वाट बघत होते, आणि प्रत्येक जण सही झाल्यावर शैलजाकडे बघून मान हलवत होता, तिचं काम होतंय याचा आनंद झाल्यासारखा. ती टेबलांच्या मधून धावू लागली. पण टेबलांमधली वाट तिच्यापुरती अरुंद होत गेली, आधी तिरकं चालावं लागलं, मग तेही जमेना. ती सातव्या आणि आठव्या टेबलाच्या मधे अडकून उभी राहिली. शिक्क्याचा आवाज तिने तिथूनच ऐकला.

चार वाजता आदेश तिच्या हातात पडला. अर्जित रजा, दहा दिवस, आजपासून.

तिने रिक्षा केली, दारात थांबवून ठेवली आणि जिना चढली. दार उघडंच होतं. पलंगावर एक म्हातारी बसली होती. पाठ वाकलेली, मनगटं काडीसारखी. तिने शैलजाचाच जुना स्वेटर घातला होता. पायाशी बॅग भरून ठेवलेली होती.

"आलीस का गं?" म्हातारी म्हणाली. "शाळा आज लांबली वाटतं."

"केतकी, मी आई आहे."

"हो हो. ये इकडे, बस अशी पाठमोरी. केसांचा काय अवतार करून आलीयेस."

"गाडी चुकेल. खाली रिक्षा उभी आहे."

"अशी बाहेर नेऊ का तुला? लोक काय म्हणतील?"

शैलजा तिच्या पुढ्यात जमिनीवर बसली. म्हातारीने तिचा अंबाडा सोडला, कंगव्याने मधोमध भांग पाडला आणि एका बाजूची वेणी घातली, इतकी घट्ट की शैलजाच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली रिक्षावाल्याने हॉर्न दिला. पुन्हा दिला. शैलजाने उठण्यासाठी हात टेकला.

"हलू नकोस," केतकी म्हणाली, आणि तोंडात धरलेली लाल रिबन काढून तिने दुसऱ्या बाजूच्या केसांचे तीन पेड वेगळे केले.