उजवी सुपारी

उजवी सुपारी दगडावरून निसटली आणि जमलेल्या शंभरेक माणसांनी एकदम हात जोडले. दिवेआगरच्या अलीकडच्या त्या वाडीत वर्षभर हेच चाललं होतं. ऑनलाइन काही विकायचं असलं, की घेणारा खरा की खोटा हे विचारायला लोक गणराज भगताकडे येत. देवाच्या दगडावर तो तांदळाच्या ओल्या पिठाने दोन सुपाऱ्या चिकटवी. उजवी आधी पडली तर माणूस खरा, डावी पडली तर खोटा.

"देवाला रेंज लागत न्हाय, रिचार्ज लागत न्हाय," भगत म्हणाला. "राजस्थानातला माणूस त्याला इथून दिसतो. मिलिटरीतला जवान हाय तो. टाक पिन, पोरी."

प्रणालीने फोन काढला. तिचा नवरा शुभम पोफळीवरून पडून कमरेखाली लुळा झाला होता. त्याची स्कूटर ती विकत होती. जवानाने नुसता फोटो बघून ती पसंत केली आणि एक कोड पाठवला. तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे तुझ्या खात्यात येतील, म्हणाला. त्याच खात्यात शुभमच्या ऑपरेशनसाठी गावाने गोळा केलेले पैसे होते.

"पैसे यायला पिन कशाला लागतो गं?" मागून सदू म्हणाला. तो दिघीच्या जेट्टीवर तिकिटं फाडायचा. "दिवसभर मी लोकांकडून असेच कोडवर पैसे घेतो. मला कधी पिन टाकावा लागला न्हाय. देणारा टाकतो."

"कौलावर संशय घेतोय," भगत म्हणाला. "याच्या पापाने तुझा नवरा उठायचा न्हाय, पोरी."

पहिली थोबाडीत वाडीतल्या म्हाताऱ्या रावजीने मारली. मग सगळेच तुटून पडले. सदूचा ओठ फाटला, एक दात चिऱ्यावर पडला, तरी लाथा थांबेनात.

रावजी मुळात मारकुटा नव्हता. पण सदूचं खरं असेल, तर त्याच्या बायकोला, सोनाबाईला, त्यानेच मारलं होतं. गेल्या वर्षी तिच्या इलाजासाठी त्याने होडी विकायला काढली. उजवी सुपारी पडली, त्याने पिन टाकला आणि खात्यातलं होतं नव्हतं ते सगळं गेलं. तिचं ऑपरेशन राहिलं. तीन महिन्यांत ती गेली. "मासळीच्या हाताने कौल घेतलास," भगत म्हणाला होता. रावजीने ते मानलं आणि कोणाजवळ बोलला नाही.

पडलेली सुपारी वडीलधाऱ्याने उचलून कौल विचारणाऱ्याच्या ओटीत घालायची रीत होती. रावजी वाकला. सदूचं रक्त लागलेल्या हाताने त्याने सुपारी उचलली आणि तिथेच थांबला. चाळीस वर्षं त्याने जाळ्यांना शिसं ओवलं होतं. सुपारी अशी हाताला जड लागत नाही.

शेजारच्या माणसाच्या कमरेचा कोयता त्याने उपसला, सुपारी पायरीवर ठेवली आणि घाव घातला. आत पोकळी होती. पोकळीत शिशाचा गोळा होता, वर मेण आणि गेरू.

"देवाचं वजन हाय ते," भगत म्हणाला.

"देव जाळी विणतो काय रे?" रावजी म्हणाला. "जड सुपारी ओल्या पिठावर टिकंल कशी? जी जड, ती आधी पडणार."

"पण जवान खरा हाय," भगत म्हणाला.

"प्रणाली, त्याला फोन लाव," रावजी म्हणाला. " आवाज मोठा कर. देव नको म्हणतो, एवढंच सांग. सुपारीचं नाव काढू नको."

प्रणालीने तेवढंच सांगितलं. पलीकडून आवाज आला, "ऐसे कैसे? गणराज को बोल, दाहिनी सुपारी फिर से लगाए."

राजस्थानातल्या जवानाला गणराज कोण हे कोणी सांगितलं होतं?

मघाच्याच लाथा आता भगतावर पडू लागल्या. त्याचं नाक फुटलं. लोकांना बाजूला सारून रावजी त्याच्या छातीवर बसला. "माझ्या हाताला वास येत होता न्हाय का?" त्याने विचारलं आणि कोयता उचलला.

सदूने खालून पातं पकडलं. त्याचा तळवा चिरला.

"काका, हा मेला की फोनवाला सुटला. याचा जबाब पायजे."

"तुला मी मारलं, सदू."

"मारलंत. आता सोडा."

रावजीने कोयता सोडला. खाली बसूनच तो लोकांना म्हणाला, "होडी विकताना माझे पैसे असेच गेले. पिन मीच टाकला. मला वाटलं, माझंच पाप."

मग वाडीतले अलीमियाँ पुढे आले. "रावजीभाऊ, माझे पैसे फ्रीज विकताना गेले. मला म्हणाला, तुझी नियत साफ न्हाय. शरमेने घरात पण सांगितलं नाही." मग आणखी एक बाई बोलली, मग दुसरी. रावजीसकट फसलेले बाराजण निघाले. प्रत्येकाला वेगळं पाप सांगितलं होतं.

संध्याकाळी भगताला श्रीवर्धनच्या पोलीस ठाण्यात नेलं. तिथे रावजीने आधी सदूला मारल्याचं लिहून घ्यायला लावलं, मग होडीचं.

कौल मानायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. ते येत नाहीत. आणि फसलात तर त्याच तासाला सायबर पोलिसांच्या १९३० नंबरला फोन करा, आणि शेजाऱ्यालाही सांगा. फसणं हे पाप नाही. रावजी वर्षभर गप्प राहिला. त्या वर्षात आणखी अकरा घरं बुडाली.