उपसभापती झालेला हापसेवाला

लाडक्या हापसे दुरुस्त करायचा. जव्हारकडच्या वांगणीपासून मोखाड्याच्या हद्दीपर्यंत कुठल्याही पाड्यावर हापसा बंद पडला की बाया म्हणायच्या, "लाडक्याला निरोप धाडा." खांद्यावर लोखंडी पाने आणि साखळी घेऊन तो डोंगर चढून यायचा, चार गडी हाताशी घेऊन बोरमधले पाईप वर ओढायचा, झिजलेला वायसर बदलायचा. धार सुरू झाली की एक ओंजळ पिऊन पुढच्या पाड्याला.

जव्हारला कापडाचं दुकान असलेले मधुकरशेठ एका लहान पक्षाचे तालुकाध्यक्ष होते. त्यांच्या पक्षाला पाड्यांवर कुणी ओळखत नव्हतं, लाडक्याला सगळे ओळखत होते. शेठनी त्याला पंचायत समितीचं तिकीट दिलं.

"मला भाषण येत नाय, शेठ."

"तू नुसता हापशाजवळ उभा राहा."

लाडक्या निवडून आला. पक्षाचे सदस्य दोनच, पण त्या दोघांशिवाय कुणाचंच बहुमत होत नव्हतं. तेवढ्यावर तो उपसभापती झाला. पाने त्याने मेव्हण्याला, मंगळूला, देऊन टाकले.

दुसऱ्या वर्षी त्याच्याच पाड्याची नळयोजना आली. हापसा काढायचा, त्याच बोरमध्ये मोटर सोडायची, टेकाडावर टाकी, दारोदार नळ. लाडक्या तडक शेठच्या दुकानात गेला.

"शेठ, त्या बोरचा झरा बारीक हाय. हापशाला पुरतो. मोटर तासाभरात उपसून काढील, गाळ ओढील. दहा वेळा मीच तिथले पाईप वर काढलेत."

"इंजिनीअर तू, का ते?"

"ते एकदाच आले. तेही पावसाळ्यात."

शेठनी हातातलं कापड घडी करून बाजूला ठेवलं. "ठेकेदार युतीतल्या माणसाचा भाऊ आहे. तू हात वर केला नाहीस तर युती मोडेल, पद जाईल. मग लोकांची कामं कशी करशील?"

बैठकीत विषय पुकारला गेला आणि लाडक्याने हात वर केला. कुणी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

उद्घाटनाला नळाला पाणी आलं. मार्चमध्ये ते गढूळ झालं. एप्रिलमध्ये मोटर नुसती गुरगुरू लागली आणि बाया हंडे घेऊन दरीतल्या ओहळाकडे जाऊ लागल्या. तिथेच उतारावर गोजाबाई घसरली. ती लाडक्याची मावशी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. मांडीचं हाड मोडलं. गाडीचा रस्ता नसल्याने तिला झोळीतून खाली आणावं लागलं.

लाडक्या जव्हारला दवाखान्यात गेला. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. गोजाबाईने उठून बसायची धडपड केली.

"बसा ना, साहेब," ती म्हणाली.

"मावशे, मी लाडक्या."

"वळखते ना. बसा, साहेब."

तो बसला नाही. तिथून सरळ मंगळूकडे गेला, पाने मागून घेतले आणि पाड्यावर येऊन मोटर काढायला लागला. हापसा परत बसवायचा होता. पाईप ओढायला त्याने गड्यांना हाक मारली. मंगळू आणि आणखी एक जण आले, बाकीचे आपापल्या ओट्यावरून बघत राहिले. दुपारपर्यंत मोटर वर निघाली. लाडक्याने दोरीला लोखंड बांधून बोरमध्ये सोडलं. निम्म्या खोलीवरच ते चिखलात रुतलं. बोर आतून ढासळली होती, आता हापसाही बसणार नव्हता.

त्याची बायको चैती रिकामा हंडा घेऊन बाजूला उभी होती.

"तुला ठावं होतं ना?" तिने विचारलं.

"होतं."

ती इतर बायांबरोबर दरीकडे उतरून गेली.

तेवढ्यात शेठचा फोन आला. "पक्ष मोठ्या पक्षात विलीन होतोय. पुढचं तिकीट त्यांच्या माणसाला, हेमंतला आहे. उद्या जव्हारला त्याचा सत्कार आहे, तू व्यासपीठावर हवास. पाड्यांवरची चार माणसं आण."

"माणसं नाय येनार, शेठ."

"मग तू तरी ये. तुला काहीतरी बघू आपण."

लाडक्याने फोन ठेवला. हात कोपरापर्यंत चिखलाने भरले होते आणि धुवायला पाणी नव्हतं. त्याने ते गवताला पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वावर गावापर्यंत पायी जाऊन त्याने एसटी पकडली. व्यासपीठावर त्याला मागच्या रांगेत खुर्ची मिळाली. हेमंतच्या गळ्यात हार पडला तेव्हा सगळ्यांबरोबर त्यानेही टाळ्या वाजवल्या.